हातातला फ्लेअर आणि तो पाहणारा माणूस



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, आता हे फटाक्यांचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्या उजव्या हातावर आहे, मनगटाच्या चार बोटं वर. मागच्या रांगेतून दिसणार नाही, आणि रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांना तर नाहीच, म्हणून सांगतो: भाजल्याचे तीन डाग आहेत, ज्वारीच्या दाण्याएवढे. ते १९९८ सालचे आहेत आणि चूक सर्वस्वी माझी होती.

झालं असं की दिवाळीची सुट्टी होती. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची मासेमारीची नौका होती, दाभोळच्या बाजूला. त्याने आग्रहाने आम्हाला बोलावलं. आम्ही चार प्राध्यापक, तो विद्यार्थी, तांडेल आणि दोन खलाशी. दुपारी खाडीतून बाहेर पडलो, समुद्र शांत होता, आणि परतायच्या वेळेला इंजिन बंद पडलं. खलाशी खाली उतरून खटपट करत होते. सूर्य बुडला. किनारा दिसत होता, पण आम्ही हळूहळू त्याच्यापासून लांब चाललो होतो. नौकेवर वायरलेस नव्हता, मोबाइलचे ते दिवस नव्हते. एका पत्र्याच्या पेटीत दोन हॅन्ड फ्लेअर होते. म्हणजे हातात धरून पेटवायच्या लाल उजेडाच्या नळकांड्या.

आता आम्ही चार शिकलेली माणसं. मीच सगळ्यांत जास्त बोलणारा. मी तांडेलांच्या मागे लागलो, "मामा, एक पेटवा ना, कोणीतरी बघेल." ते म्हणाले, "मास्तर, बघायला हाय कोण?" चारी बाजूंना एकही दिवा नव्हता. पण मी ऐकेना. बाकीच्यांनीही री ओढली. शेवटी त्या बिचाऱ्याने पाहुण्यांचं मन राखायला एक पेटवला. मिनिटभर समुद्र लाल झाला. आम्हाला फार बरं वाटलं. आणि मग विझला. अंधार आधीपेक्षा दुप्पट झाला आणि पेटीत एकच उरला.

दुसऱ्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी या पहिल्यापाशी थांबू, कारण आजच्या व्याख्यानाचा सगळा गाभा तिथे आहे. मी तो फ्लेअर कशासाठी पेटवायला लावला? कोणाला दिसावा म्हणून नव्हे, कोणी नव्हतंच. मी तो मला धीर यावा म्हणून पेटवायला लावला. म्हणजे मी त्याला दिवा समजलो. फ्लेअर हा दिवा नाही. ते वाक्य आहे. आणि वाक्य ऐकणारा समोर असल्याशिवाय बोलून उपयोग नसतो, विशेषतः तुमच्याजवळ दोनच वाक्यं असतील तेव्हा.

आपल्याकडे न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. धूर हे लिंग, खूण. स्वयंपाकघरात आपण धूर आणि अग्नी बरोबर पाहिलेले असतात, ती व्याप्ती ठाऊक असते, म्हणून अनुमान होतं. या उदाहरणात डोंगराला काहीही सांगायचं नसतं, हे लक्षात घ्या. धूर आपोआप निघतो, पाहणारा आपल्या बुद्धीने निष्कर्ष काढतो. पण जहाजांवर नारिंगी धुराचा एक डबा असतो, दिवसा वापरायचा. तो पाण्यात टाकला की किमान तीन मिनिटं दाट नारिंगी धूर निघतो. तो पाहून कोणी "तिथे अग्नी आहे" असं म्हणायचं नसतं. "तिथे माणसं संकटात आहेत" असं म्हणायचं असतं. हा धूर लिंग नाही, हा शब्द आहे. अनुमानप्रमाण सोडून आपण शब्दप्रमाणात आलो. आणि शब्दाचं म्हटलं की प्रश्न बदलतात. बोलणारा आप्त आहे का, म्हणजे विश्वासाचा आहे का? ऐकणाऱ्याला भाषा येते का? आणि तात्पर्य कळतं का?

तात्पर्यासाठी जुन्या पंडितांचं 'सैंधव आण' हे उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधू देशातला घोडा. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. आम्ही वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. पण या घोड्या-मिठाच्या गोंधळाचा समुद्रावरचा एक प्रसंग आहे, आणि तो हसण्यासारखा मुळीच नाही.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक बर्फाच्या डोंगरावर आपटली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, सिनेमाही पाहिलाय सगळ्यांनी. पण त्याच रात्री, बर्फामुळे थांबून राहिलेलं कॅलिफोर्नियन नावाचं दुसरं जहाज होतं. त्याचा वायरलेसवाला दिवसाचं काम संपवून झोपायला गेला होता. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजण्याच्या सुमाराला टायटॅनिकवरून आकाशात पांढरे रॉकेट सोडायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियनवर पहाऱ्याला हर्बर्ट स्टोन हा अधिकारी होता. त्याने रॉकेट पाहिले. त्याच्याबरोबरच्या उमेदवार पोऱ्याने, गिब्सनने, त्यातले काही पाहिले. एकंदर आठ मोजले गेले. कप्तान लॉर्ड खाली विश्रांती घेत होता, त्याला नळीवरून कळवलं. त्याने विचारलं, हे कंपनीचे सिग्नल आहेत का? आणि मोर्सच्या दिव्याने विचारत राहायला सांगितलं. दिव्याला उत्तर आलं नाही. वायरलेसवाल्याला पहाटेपर्यंत कोणी उठवलं नाही. जवळपास पंधराशे माणसं गेली.

दोन जहाजांत नेमकं अंतर किती होतं, कॅलिफोर्नियन वेळेत पोचली असती का, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. चौकशी आयोगाने कप्तानाला दोष दिला. त्याची बाजू घेणारेही पुष्कळ आहेत. मला त्या वादात पडायचं नाही. मला रुची आहे ती कप्तानाच्या प्रश्नात. "कंपनीचे सिग्नल आहेत का?" हा प्रश्न वेडगळ नव्हता. त्या काळी जहाज कंपन्या एकमेकांना ओळख पटवायला रात्री रंगीत दारूकाम वापरत. आणि संकटाच्या रॉकेटचा रंग कोणता, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे कोणताही चालत असे. अट एवढीच की एकेक करून, थोड्याथोड्या अंतराने सोडायचे. पांढरा रॉकेट म्हणजे सैंधव. मीठही आणि घोडाही. संकेत सोडला गेला, डोळ्यांनी दिसला, मोजलासुद्धा गेला, आणि अर्थ पोचला नाही.

मात्र एक गोष्ट त्यांच्याही हातात होती. अर्थाची शंका आली तर विचारायचं साधन, वायरलेस, जहाजावर होतं. नुसतं त्या माणसाला उठवायचं होतं. असो.

म्हणून आज नियम घट्ट आहे. समुद्रावर टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली झाले, त्यांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाच्या संकेतांची यादी आहे. तिथे फ्लेअर हातातला असो की पॅराशूटचा, रंग लाल. धूर नारिंगी. आणि यादीत स्पष्ट म्हटलंय की संकट नसताना हे संकेत वापरायचे नाहीत, त्यांच्याशी गफलत होईल असंही काही करायचं नाही. पांढरा हॅन्ड फ्लेअर मिळतो, पण त्याचा अर्थ वेगळा: "आम्ही इथे आहोत, अंगावर येऊ नका." संकटात पांढरा पेटवला तर मोठं जहाज तुम्हाला सभ्यपणे वळसा घालून निघून जाईल.

रंगांची ही भाषा घडवण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, तिचं नाव सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतली मार्था कॉस्टन. नवरा १८४८ साली वारला, त्याच्या कागदांत रात्रीच्या सिग्नलचं एक अर्धवट टिपण सापडलं. जवळजवळ दहा वर्षं खपून तिने लाल, पांढऱ्या आणि हिरव्या ज्वाळांची पद्धत तयार केली. १८५९ चं पेटंट मात्र शोधक म्हणून नवऱ्याच्याच नावाचं. स्वतःच्या नावाचं पेटंट मिळायला तिला १८७१ उजाडावं लागलं.

आता वस्तूकडे येऊ. सोलास म्हणून जो जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याखालच्या नियमांप्रमाणे हॅन्ड फ्लेअर किमान एक मिनिट जळला पाहिजे आणि त्याचा उजेड पंधरा हजार कँडेला असला पाहिजे. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. पंधरा हजार मेणबत्त्या हातात, एक मिनिट. आणि आणखी एक अट आहे, ती ऐकून ठेवा: दहा सेकंद पाण्याखाली बुडवला तरी तो जळत राहिला पाहिजे. आपली फुलबाजी बादलीत बुडवली की विझते. हा विझत नाही, कारण याला हवेतल्या प्राणवायूची गरजच नसते. आतल्या मसाल्यात स्ट्रॉन्शियम नायट्रेट असतं, ते प्राणवायूही पुरवतं आणि लाल रंगही देतं. मॅग्नेशियमसारखा धातू जळतो, तापमान हजार अंशांच्या पुष्कळ वर जातं. तेव्हा "काही झालं तर पाण्यात बुडवू" हा विचार डोक्यातून काढा. एकदा पेटला की तुम्ही त्याचे मालक नाही, मिनिटभराचे सोबती आहात.

हा दिसतो किती लांबून? पृथ्वी गोल आहे, म्हणून हिशेब उंचीवर. पाण्यापासून दोन मीटर उंचीवर धरलेल्या उजेडाचं क्षितिज साधारण पाच किलोमीटर. बघणारा चार मीटर उंच केबिनमध्ये असेल तर त्याचे सात. बेरीज बारा. पण हे भूमितीचं झालं. लाटा, दमट हवा, पाहणाऱ्याची झोप, हे सगळं धरून पाच-सहा किलोमीटर म्हणा. पॅराशूट रॉकेट तीनशे मीटर वर जातो, किमान चाळीस सेकंद जळत हळूहळू खाली येतो आणि त्याचा उजेड दुप्पट, तीस हजार कँडेला. तो कितीतरी लांबून दिसतो. म्हणून कामं वाटलेली आहेत. रॉकेट म्हणजे गावाला हाक मारणं, "अहो, इकडे कोणीतरी आहे." हॅन्ड फ्लेअर म्हणजे दारात उभं राहून "हे घर" असं सांगणं. तो शेवटच्या टप्प्यासाठी आहे. जहाजाच्या जीवनौकेत चार रॉकेट, सहा हॅन्ड फ्लेअर आणि दोन धुराचे डबे ठेवायचा नियम आहे, त्यामागे हेच गणित आहे.

तेव्हा क्रम असा. आधी लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, हे बोलायलाही नको. मग वायरलेसवर चॅनल सोळा. फोनला रेंज असेल तर १५५४, हा आपल्या तटरक्षक दलाचा क्रमांक आहे, पाठ करा. इस्रोने मच्छीमारांसाठी उपग्रहाला संदेश देणारं यंत्र केलंय, ज्यांच्या नौकेवर आहे त्यांनी त्याचं बटण दाबायचं. हे सगळं झाल्यावर फ्लेअर हातात घ्यायचा, पेटवायचा नाही. वाट पाहायची. आणि ही वाट पाहणं फार अवघड असतं, हे मी अनुभवाने सांगतो. दिवा दिसला, इंजिनाचा आवाज आला, ते आपल्या दिशेने येतंय किंवा निदान जवळून जातंय असं वाटलं, की मग. रॉकेट असतील तर एक सोडून मिनिटभराने दुसरा सोडावा असं सांगतात, आणि त्यात मोठं शहाणपण आहे. पहिल्याने पाहणाऱ्याची मान वळते. "काय होतं ते?" असं तो मनात म्हणतो. दुसऱ्याने त्याला दिशा कळते, आणि भास नव्हता हेही कळतं. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं असेल तर मात्र रॉकेट चुकूनही नाही. तिथे हॅन्ड फ्लेअर किंवा धूर. धुराने त्या वैमानिकाला वाराही समजतो.

आता त्या रात्रीचा दुसरा फ्लेअर. साडेआठच्या सुमाराला दक्षिणेकडून एका ट्रॉलरचा दिवा आला. तांडेल नांगराच्या दोरात गुंतले होते, खलाशी खाली. पेटीजवळ मी. मी फ्लेअर उचलला, टोपण काढलं, दोरी ओढली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मशाल धरतात तसा डोक्यावर सरळ उभा धरला. एवढ्या एका कृतीत मी किती चुका केल्या ते मोजू.

पहिली, मी वाऱ्याच्या तोंडावर उभा होतो. म्हणजे वारा ज्या बाजूने नौकेवर येत होता त्या काठाशी. जळता मसाला, ठिणग्या, धूर, सगळं उडून माझ्याच अंगावर आणि नौकेत. उभं राहायचं ते उलट काठाला, जिथून वारा नौका सोडून बाहेर जातो. तोंडावर वारा लागत असेल तर तुम्ही चुकीच्या काठाला आहात. पाठीवर लागला पाहिजे.

दुसरी, सरळ उभा धरला. फ्लेअर जळताना वितळलेला रस गळतो, लोहाराच्या भट्टीतल्यासारखा. सरळ धरला तर तो रस हातावर ओघळतो. माझे तीन डाग त्याचेच. हात खांद्यापासून पूर्ण लांब, काठाच्या बाहेर, आणि नळीचं तोंड वाऱ्याच्या दिशेने बाहेर कललेलं, म्हणजे गळेल ते समुद्रात पडेल. "पण सर, उंच धरला तर लांबून दिसेल ना?" हिशेब करा. दोन मीटरचा अडीच मीटर केला तर क्षितिज सहाशे मीटरने वाढतं. सहाशे मीटरसाठी हात जाळून घ्यायचा नाही.

तिसरी, मी ज्वाळेकडे पाहत होतो. सगळे पाहतात, पतंगासारखे. पंधरा हजार कँडेला हातभर अंतरावर! विझल्यावर मला पंधरा-वीस मिनिटं लाल-हिरव्या गोळ्यांखेरीज काही दिसेना. अंधाराला सरावलेले डोळे परत सरावायला अर्धा तासही लागतो. म्हणून एकाने पेटवायचा, तोंड फिरवून उभं राहायचं, आणि दुसऱ्याने पाठमोरं होऊन फक्त त्या येणाऱ्या दिव्याकडे लक्ष ठेवायचं. तो वळला का? त्याने दिव्याची उघडझाप केली का? उत्तर वाचणारा एक जण हवा, नाही तर आपण नुसते ओरडत बसतो.

चौथी, सूचना वाचल्या नव्हत्या. काही फ्लेअरना दोरी असते, काहींना बूड फिरवून ठोकायचं असतं, काहींना काडेपेटीसारखं घासायचं असतं; काहींची मूठ दुर्बिणीसारखी बाहेर ओढायची असते आणि ती न ओढता पेटवलं तर हात ज्वाळेच्या फारच जवळ राहतो. पेटण्याआधी दोन-चार सेकंद जातात, तेवढ्यात माणसं "का नाही पेटला?" म्हणून नळीत डोकावतात. नळीच्या बाहेर सूचना किंवा चित्रं छापलेली असणं नियमाने बंधनकारक आहे, पण अंधारात, ओल्या हातांनी, घाबरलेल्या मनाने कोण वाचणार? त्या बंदरावर, उजेडात, चहा पिताना वाचायच्या. वर कुठलं, खाली कुठलं, हे डोळे मिटून हाताला कळलं पाहिजे. पेटीत फ्लेअरबरोबर चामड्याचे किंवा जाड सुती हातमोजे ठेवा. प्लॅस्टिकचे नकोत, ते वितळून कातडीला चिकटतात.

पाचवी चूक मी करणारच होतो, पण तांडेल धावत आले. माझा हात भाजला, मी कळवळलो आणि फ्लेअर सोडून दिला असता. कुठे? नौकेत. जिथे खलाश्यांनी इंजिन उघडून ठेवलं होतं, डिझेलची चिंधी पडली होती, जाळी होती. "मास्तर, सोडू नका! बाहेर, बाहेर धरा!" ते ओरडले आणि माझं कोपर धरून त्यांनी हात काठाबाहेर लोटला. उरलेलं अर्धं मिनिट आम्ही दोघांनी मिळून तो फ्लेअर धरला. ट्रॉलर वळला. रात्री साडेदहाला आम्ही धक्क्याला लागलो. तांडेल मला एका शब्दानेही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "त्यो मुदतीबाहेरचा व्हता, पेटला ह्येच नशीब."

ते खरं होतं. हॅन्ड फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षं धरतात, तारीख नळीवर छापलेली असते. आतला मसाला दमट हवेने बिघडतो, मग तो पेटत नाही, किंवा भलताच पेटतो. न पेटलेला फ्लेअर लगेच आत आणायचा नाही. काठाबाहेर तसाच, तोंड लांब करून, निदान अर्धा मिनिट धरायचा, आणि मग पाण्यात टाकायचा. संकटात एवढी घाण समुद्राला चालेल. पेटून विझलेल्याची नळीसुद्धा बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते. मुलांना हात लावू देऊ नका. आणि रबरी तराफ्यात बसला असाल तर हे सगळं शंभरपट काळजीने, कारण तिथे एक थेंब गळला की ज्याच्यावर बसलात त्यालाच भोक.

भाजलंच तर स्वच्छ गार पाणी, निदान वीस मिनिटं, सलग. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, काही नाही. मला तेव्हा कोणीतरी प्रेमाने टूथपेस्ट लावली होती. डॉक्टरांनी ती काढताना मला न्यायशास्त्र आठवलं नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

एका तरुणाने लिहिलंय, "आम्ही सह्याद्रीत ट्रेक करतो, बॅगेत एक फ्लेअर ठेवावा का?" माझं उत्तर, नको. दिवाळीनंतर आपल्या डोंगरांवर गवत वाळलेलं असतं, आणि हजार अंशांचा रस गळणारी वस्तू तिथे म्हणजे वणवा. स्वतःला वाचवायला जाल आणि पायथ्याची वाडी पेटवाल. पावसाळ्यात धुक्यात तो दिसणार नाही. डोंगराची स्वतःची भाषा आहे, ती शिका: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चची उघडझाप, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटात तीन वेळा उत्तर देतो. आल्प्स पर्वतात ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं आहे. त्यात ते थांबणं महत्त्वाचं. थांबल्याशिवाय उत्तर ऐकू येत नाही. आणि फ्लेअर घेऊन विमानात बसता येत नाही, सामानातही नाही, हे परगावी बोटिंगला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

एका ताईंचा प्रश्न, बॅटरीवरचे इलेक्ट्रॉनिक फ्लेअर चांगले का? आग नाही, गळणं नाही, तासन् तास चालतात, म्हणजे सुरक्षित नक्कीच. लहान होडीत, मुलं असताना, मी तर ठेवीन. पण भर दिवसा त्यांचा उपयोग नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला तो लुकलुकता दिवा मासेमारीच्या जाळ्यावरचा वाटू शकतो. पुन्हा सैंधव. लाल ज्वाळेचा अर्थ खलाश्याला शिकवावा लागत नाही. या दिव्याचा अजून शिकवावा लागतो. दोन्ही ठेवा. अर्थात ज्या नौकांना नियमाने फ्लेअर ठेवणं भाग आहे त्यांनी ते ठेवलेच पाहिजेत.

शेवटची चिठ्ठी. "घरी मुदत संपलेले चार फ्लेअर आहेत. दिवाळीत अंगणात उडवले तर चालतील का?" हे कोणी लिहिलंय ते मी विचारत नाही. किनाऱ्यावरच्या अंगणात लाल फ्लेअर पेटवला आणि समुद्रावरून कोणी पाहिला, तर एखादी बोट आपलं काम सोडून, कदाचित स्वतः धोका पत्करून, तुमच्या अंगणाच्या दिशेने निघेल. आणि दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा निघणार नाही. बोलणाऱ्याचं आप्तत्व गेलं. तेव्हा उडवायचे नाहीत. कचऱ्यातही टाकायचे नाहीत, कचरा गोळा करणाऱ्याच्या हातात फुटतील. समुद्रात किंवा विहिरीतही नाही. कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, ज्या दुकानातून घेतले तिथे परत घेतात का विचारा, नाहीतर बंदराच्या कार्यालयात जाऊन विचारा. आणि नवे घ्याल तेव्हा दुकानातच तारीख बघा. जुना माल पुढे ठेवलेला असतो, दुधाच्या पिशव्यांसारखाच.